घरपोच सांता, पाच तुकड्यांचा डगला आणि खाकी कागद: नाताळच्या सामानाचं परीक्षण

डिसेंबर लागला की संभाजीनगरच्या गुलमंडीत, लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडच्या वजिराबादेत दुकानांच्या दारांवर लाल टोप्या लटकायला लागतात. इंग्रजी शाळांमध्ये सुट्टीच्या आधी सांता येऊन चॉकलेटं वाटून जातो आणि त्याच संध्याकाळी घरात प्रश्न निघतो, ‘आपल्याकडे कधी येणार?’ बाजारानं याचं उत्तर तीन प्रकारांत विकायला ठेवलं आहे: पाच तुकड्यांचा तयार डगला, भाड्यानं घरी येणारा सांता, आणि कागद, मोजे, चिठ्ठ्या असं सुटं सामान.

निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे वसूल होतात ते सुट्या सामानात, तेही त्यातल्या सगळ्यांत स्वस्त वस्तूंत. घरपोच सांता एका मुलासाठी महाग पडतो, बिल्डिंगमधल्या दहा-बारा मुलांत वाटून घेतला तर ठीक. आणि तयार डगला पिशवीतून काढून तसाच अंगावर चढवण्याच्या लायकीचा नसतो. संध्याकाळभर सुई-दोरा चालवायची तयारी असेल तरच तो घ्यावा.

तिन्हींना कसोटी एकच लावली आहे: घराचा माग किती लपतो? चार-पाच वर्षांच्या पोराला हरणं उडतात यात काही वावगं वाटत नाही. म्हातारा एका रात्रीत जगभर फिरतो, तेही त्याला चालतं. ते अडतं पप्पांच्या सँडलपाशी, आईच्या अक्षराच्या वळणापाशी, ओळखीच्या दुकानाच्या पिशवीपाशी आणि खोक्यावरच्या एमआरपीपाशी. बाजारातलं बहुतेक सामान चमक वाढवतं, यातली एकही खूण झाकत नाही.

डगला

मोठ्या माणसाचा संच साधारण ५०० ते १,२०० रुपयांना मिळतो. डगला, विजार, पट्टा, टोपी, दाढी असे पाच तुकडे. स्वस्तातला संच फेल्टचा, म्हणजे विणलेलं नव्हे तर दाबून केलेलं कापड. हाताला ताठ लागतं, आणि बसल्या-उठल्या काखेत नाहीतर गुडघ्यात फाटतं. महागातला मखमलीसारख्या पॉलिएस्टरचा. तो अंगावर चांगला पडतो, पण रंग कच्चा असू शकतो. आतल्या बाजूनं ओलं पांढरं फडकं घासून बघा. फडकं गुलाबी झालं तर तो डगला कधीच पाण्यात घालायचा नाही, कारण पांढरी किनार पहिल्याच धुण्यात गुलाबी होणार. ही किनारही पुष्कळदा शिवलेली नसते, ग्लू गननं चिकटवलेली असते आणि घडी उलगडताना सुटून हातात येते. आणल्या दिवशीच तिला धावदोरा घालून घ्या, नाहीतर गल्लीतल्या टेलरकडून एक शिलाई मारून आणा.

‘फ्री साइझ’वर भिस्त ठेवू नका. मध्यम बांध्याच्या माणसाला त्या बाह्या बोटांवर येतात आणि खांदे उतरतात. बाह्या आतून दुमडून टाका घालायचा. पोटाला उशी बांधायची असेल तर पट्ट्यानं बांधू नका. पट्टा पातळ रेक्झिनचा, बक्कल प्लास्टिकचं, एकदा खाली वाकलं की तुटलंच. जुन्या ओढणीनं किंवा उपरण्यानं उशी पोटाला आवळायची, त्यावर डगला, आणि पट्टा नुसता दिसण्यापुरता. उशी लहान आणि कडक घ्या. मोठी मऊ उशी बसताना छातीवर चढते आणि सांता एकाएकी पहिलवान दिसायला लागतो.

संचातला सगळ्यांत वाईट तुकडा म्हणजे दाढी. जाळीवर लावलेले पॉलिएस्टरचे केस, कानांमागे अडकवायला बारीक इलॅस्टिक, आणि तोंडाच्या जागी जेमतेम दोन बोटांची चीर. गप्प उभं राहिलं तर ठीक. पहिलं वाक्य बोललं की जाळी खाली सरकते आणि ओठांवरची काळी मिशी पांढऱ्या मिशीच्या वर येऊन बसते. त्यात आपल्याकडची डिसेंबरातली हवा इतकी कोरडी की पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठते. केस तोंडाकडे ओढले जातात, नाकात शिरतात, उरलेले डगल्याला चिकटतात. याला थोडी मेहनत लागते. चीर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच वाढवायची. बारीक इलॅस्टिक काढून अर्धा इंच रुंदीचं लावायचं आणि ते कानांमागे न अडकवता डोक्यामागून घ्यायचं. टोपीखाली दिसत नाही. मिशी दाढीपासून कापून वेगळी करायची आणि विगसाठी मिळणाऱ्या, त्वचेला चालणाऱ्या दुहेरी चिकटपट्टीनं वरच्या ओठावर लावायची. चेहऱ्याला फेविक्विक लावायचं नसतं हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. स्थिर विजेसाठी मगभर पाण्यात कपड्यांच्या कंडिशनरचे चार थेंब, त्यात कंगवा बुडवून, झटकून दाढीवरून फिरवायचा. भुवयांना बोटभर व्हॅसलीन आणि वर टाल्कम पावडर. काळ्या भुवया राहिल्या तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

दाढी पेटते, हे मात्र विसरू नका. पॉलिएस्टर वितळत जळतं आणि कातडीला चिकटतं. केकवरची मेणबत्ती, ठिणग्या उडवणारी केक-कँडल, तुळशीपुढचा दिवा, गल्लीतली शेकोटी, यांच्या जवळपास दाढीवाल्याला उभं करायचं नाही. फोटोसाठीही नाही.

बूट संचात नसतात. काही संचांत काळ्या रेक्झिनची नळकांडी येतात, नडगीवर चढवायची. त्यांच्याखालून आपलेच बूट दिसतात, आणि पोराची नजर नेमकी त्याच उंचीवर असते. मराठवाड्यात यावर झकास तोड आहे: शेतात पाणी द्यायला घालतात ते काळे गमबूट. कृषी सेवा केंद्रात नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात ३०० ते ५०० रुपयांच्या आसपास मिळतात आणि नाताळ संपल्यावर वाया जात नाहीत. एक नंबर मोठे घेऊन आत जाड मोजे घाला. नव्या गमबुटाला उग्र वास असतो, म्हणून दोन-तीन दिवस गच्चीत वाऱ्यावर ठेवा. शेतावरचे वापरलेले आणणार असाल तर तळाच्या खाचांतली काळी माती टोकदार काडीनं काढून घ्या. उत्तर ध्रुवावरून आलेल्या माणसाच्या बुटाला रेगूर माती चिकटलेली बरी दिसत नाही.

हातमोजे गणवेशाच्या दुकानातले, परेडला घालतात ते पांढरे. ते लागतातच. भेट देताना सांताचा हात मुलाच्या तोंडासमोर येतो, आणि अंगठी, घड्याळाचा पट्टा, मनगटावरचा लाल दोरा, गोंदलेलं नाव यांतलं काहीही त्याला पुरतं.

घंटांचं तसंच. काही संचांत येणाऱ्या घंटा पत्र्याच्या, खुळखुळ्याइतपत आवाजाच्या. घरात पोळ्याची घुंगरमाळ असेल तर ती काढा. पितळी घुंगरांचा आवाज गच्चीत दोन हिसडे दिले तरी खालच्या खोलीत पोचतो. फक्त जे पोर पोळ्याला बैलांमागे फिरतं त्याच्यासाठी ही युक्ती करू नका, ते अंथरुणातूनच ‘सर्जा आला’ म्हणून ओरडेल.

डगला विकत घेण्याऐवजी भाड्यानं आणायचा विचार असेल तर लवकर जा. डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम. नाटकाचे कपडे देणाऱ्यांकडे तेव्हा मावळ्यांपासून सांतापर्यंत सगळं बाहेर गेलेलं असतं. भाड्याच्या डगल्यात दाढी दुसऱ्याची वापरलेली मिळते. दाढी तेवढी स्वतःची घ्या.

घरपोच सांता

हे काम बहुधा वाढदिवसाची सजावट आणि फुग्यांच्या कमानी करणारे लोक घेतात. दहा-पंधरा मिनिटांचे ५०० ते २,००० रुपये, शहर आणि वेळ पाहून. २४ तारखेच्या संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यांनाच हवी असते, आणि एकच माणूस एका संध्याकाळी सिडको, गारखेडा, उस्मानपुरा अशी घरं घेत फिरतो. प्रत्येक घरी दहा मिनिटं जास्त गेली की शेवटच्या घरी तो दीड तास उशिरा पोचतो. तोवर पोर झोपलेलं, नाहीतर रडून दमलेलं. म्हणून वेळ ठरवताना ‘सात वाजता’ असं ठरवू नका, ‘तुमचं पहिलं घर आमचं’ असं ठरवा. पहिलं घर मिळत नसेल तर २३ तारीख घ्या. सांता आदल्या दिवशी कसा आला, असं या वयाची मुलं विचारत नाहीत.

पैसे देण्याआधी त्याच्या डगल्याचा आणि दाढीचा गेल्या वर्षीचा नव्हे तर आत्ताचा फोटो मागवा, आणि तो पायापर्यंतचा हवा. कोणत्या भाषेत बोलणार, हे विचारा. आपल्याकडे यायचं तर मराठी बोलायलाच हवं, पण कमी. ‘हो हो हो’, मुलाचं नाव, एखादी त्याच्यापुरती माहिती, आणि भेट. एवढंच. त्याला मुलाबद्दल एकच गोष्ट सांगून ठेवा: दात पडला, सायकल यायला लागली, बहीण झाली, असं काहीतरी. तीन-चार गोष्टी सांगितल्या की तो गोंधळतो आणि शेजारच्या घरातला दात तुमच्या घरात पाडतो. स्पीकरवर गाणी लावून नाचणारा सांता नको असेल तर तसं आधीच सांगा, कारण नाच हा बहुतेकांच्या ठरलेल्या कार्यक्रमात असतोच.

दोन गोष्टींना त्याला सरळ मनाई करावी. ‘पुढच्या वर्षी काय आणू?’ हे विचारायचं नाही, कारण पोर ‘खराखुरा घोडा’ म्हणतं आणि वर्षभर त्याची वाट बघतं. आणि ‘त्रास दिलास तर येणार नाही’ असा दम भरायचा नाही. तो दम आईबापांना सोयीचा वाटतो, म्हणून सांता हौसेनं देतो. पण जानेवारीत ताप आलेल्या पोराला आपण त्रास दिला म्हणून सांता रागावला असं वाटत बसतं.

भेट त्याच्या पोतडीत कधी आणि कुठे जाते, इथे सगळ्यांत जास्त घोळ होतात. दारात उभं राहून आईनं पदराआडून पिशवी सरकवली की संपलं, कारण तिथे नेमकं पोर हजर असतं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे दुपारीच ठेवा आणि सांताला सरळ तिकडून घेऊन यायला सांगा. मोटारसायकल कोपऱ्यावर लावायला सांगा. हेल्मेट हातात घेऊन जिना चढणारा सांता सोसायटीत पुष्कळांनी पाहिलेला असतो.

दहा-बारा मुलं एकत्र असतील तर प्रत्येक खोक्यावर जाड मार्करनं नाव हवं, देवनागरीत आणि मोठं. दाढीमुळे सांताला नीट दिसत नाही, आणि रात्रीच्या पार्किंगमध्ये उजेडही यथातथा. खोकी शक्यतो सारख्या मापाची करा. आतली भेट वेगळी असू दे, पण एकाचं खोकं हातभर आणि दुसऱ्याचं वीतभर असलं की रडारड ठरलेली.

दीड ते तीन वर्षांची मुलं दाढीवाल्याला पाहून घाबरतात, आणि ते त्यांच्या वयाला धरूनच आहे. त्यांना फोटोसाठी त्याच्या मांडीवर ढकलू नका. आईच्या कडेवरून पाहू दे, भेट खाली ठेवून सांता दोन पावलं मागे सरू दे. आणि कुठल्याही वयाच्या मुलाला या अनोळखी माणसाबरोबर एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. चांगला सांता हे स्वतःहूनच पाळतो.

संभाजीनगरच्या छावणीत आणि जालन्यात ख्रिस्ती मंडळींच्या कॅरोलच्या फेऱ्या निघतात, काहींत सांताही असतो. काही लोक त्याच सांताला ‘आमच्या मुलाला एवढं द्याल का’ म्हणून गाठतात. तो त्यांच्या येशूजन्माच्या सणाचा भाग आहे, भाड्याची सेवा नव्हे. बोलावलं तर जावं, गाणी ऐकावीत, आपलं पार्सल त्यांच्या गळ्यात मारू नये.

एकूण पाहता, एका मुलासाठी हजार-दीड हजार घालून दहा मिनिटांचा सांता आणण्यापेक्षा रात्री न दिसता येऊन गेलेला सांता स्वस्तही पडतो आणि जास्त वर्षं टिकतो. न दिसलेल्याला बूट नसतात, मिशी नसते, उशीर होत नाही.

कागद, खोकं आणि चिकटपट्टी

न दिसणाऱ्या सांताचं सगळं काम पॅकिंगवर आहे. दुकानात दिसणारा चमकीचा कागद देखणा, पण वाईट. कोपऱ्यावर घडी घातली की चिरतो, साधी चिकटपट्टी त्यावर तासाभरात सुटते, आणि रात्री हात लावला की एवढा कुरकुरतो की शेजारच्या खोलीतलं पोर कूस बदलतं. साधा मॅट छपाईचा कागद घ्या, नाहीतर खाकी क्राफ्ट. खाकीवर चिकटपट्टी पक्की बसते, घडी धारदार येते, आणि वर लाल लोकर किंवा सुतळी बांधली की दूरवरून पार्सल आल्यासारखं दिसतं.

फक्त एक अडचण आहे. जूनमध्ये वह्या-पुस्तकांना घातलेली कव्हरं याच कागदाची असतात. उरलेला तोच रोल वापरला तर दुसरीतलं पोर पटकन ओळखतं. वेगळ्या छटेचा घ्या, नाहीतर गुळगुळीत बाजू आत आणि खरखरीत बाजू बाहेर ठेवा. एक फुकटातला पर्यायही आहे: न वाचता येणाऱ्या लिपीचं वर्तमानपत्र. देगलूर-धर्माबादच्या बाजूला तेलुगू रद्दी मिळते, उदगीरकडे कन्नड. ज्यानं ती अक्षरं पाहिलेली नाहीत त्याला ते पार परदेशी वाटतं. शाई हाताला लागते, म्हणून खाऊ असेल तर आत दुसरा कागद हवा.

कागद किती लागेल ते खोकं मोजून काढा. एका दिशेनं: रुंदी आणि उंची मिळवून दुप्पट, वर ३ सेंटिमीटर. दुसऱ्या दिशेनं: लांबीत उंचीची दीडपट मिळवा. म्हणजे ३० बाय २० बाय १० सेंटिमीटरच्या खोक्याला ६३ बाय ४५ सेंटिमीटर, अर्थात ५० बाय ७० चा एक ताव पुरतो. उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवला तर बाजूच्या घड्या जाड होतात आणि तिथे पट्टी सुटते. गोल किंवा वेडीवाकडी वस्तू कागदात गुंडाळत बसू नका, चपलांच्या खोक्यात घाला. खोक्यावरचं दुकानाचं नाव झाकायला आधी पांढरा कागद, मग वरचा. नुसता एक पातळ थर दिला तर ट्यूबलाइटखाली आतली छपाई दिसते.

हे काम रात्री करायचं नाही. रोलवरून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज बंद दारातून ऐकू जातो. मूल शाळेत असताना करा. रात्रीच करावं लागलं तर पट्ट्या दिवसा कापून स्टीलच्या ताटाच्या काठाला लावून ठेवा.

आता एमआरपी. खेळण्याच्या खोक्यावर किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता, महिना-साल सगळं छापलेलं असतं, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. घेताना ते चिन्ह बघूनच घ्या, स्वस्तातल्या बिनचिन्हाच्या खेळण्यांच्या रंगाचा आणि सुट्या भागांचा भरवसा नसतो. पण वाचायला शिकलेलं पोर तेच वाचून विचारतं की सांताच्या कारखान्यात एमआरपी कशाला. किंमत खोडून भागत नाही, खोडलेली जागाच डोळ्यात भरते. खेळणं मूळ खोक्यातून काढा, साध्या खोक्यात ठेवा. मूळ खोकं आणि बिल बदलून घेण्यासाठी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. काढताना आतल्या तारा आणि प्लास्टिकच्या पट्ट्याही कापून टाका, म्हणजे सकाळी कात्री शोधत बसावं लागत नाही. सेल घालून चालवून बघा. बटण-सेलचं झाकण स्क्रूनं घट्ट बसलेलं आहे ना, हे तर हातानं ओढून बघा, कारण तो सेल गिळला तर अन्ननलिका भाजते.

खेळण्यावरच चिकटवलेला दराचा स्टिकर असेल तर प्लास्टिकवर खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी पुसा, डिंकासकट निघतो. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग पडतो; तिथे केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट द्या आणि एका कोपऱ्यातून सावकाश सोला.

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी धोका वेगळा आहे. खोक्यावर वस्तूचं चित्र असतं, पार्सलवाला बेल वाजवतो आणि दार पोर उघडतं. पत्ता ऑफिसचा द्या. आईच्या मोबाइलवर व्हिडिओ बघणाऱ्या पोराला त्याच खेळण्याच्या जाहिराती दिसायला लागतात, शिवाय वरून ‘तुमची ऑर्डर निघाली’ अशी सूचना टपकते. शोध आणि ऑर्डर अशा मोबाइलवरून करा जो पोराच्या हाती जात नाही. जिंतूर, अंबड, औसा अशा तालुक्याच्या गावी पार्सलची तारीख पुढे सरकत जाते, म्हणून १० डिसेंबरच्या आत मागवून मोकळं व्हा. लातूर-धाराशिवकडच्यांना वेळ अमावस्येचीही, म्हणजे शेतात जाऊन पूजा-जेवण करायच्या सणाचीही, गाठ असते. २०२४ मध्ये ती ३० डिसेंबरला होती, म्हणजे सगळं घर शेतावर जायच्या तयारीत आणि कपाटं रोज उघडी. त्या दिवसांत भेट घरात लपवू नका.

चिठ्ठी, मोजा आणि पावलं

छापील ‘सांताची चिठ्ठी’ २०-३० रुपयांना मिळते, इंग्रजीत, नावाची जागा रिकामी. घेऊ नका. रिकाम्या जागेत आईनं भरलेलं नाव हीच सगळ्यांत मोठी खूण. रोज गृहपाठ तपासणारीचं अक्षर पोराला तोंडपाठ असतं. चिठ्ठी पोराला न भेटणाऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या, पाच-सहा ओळींची. छापायची तर फाँट बघून घ्या. मंगल फाँटमधली चिठ्ठी तहसीलच्या नोटिशीसारखी दिसते. कोर्टाच्या आसपास शिक्के करून देणारे असतात, त्यांच्याकडून हरणाचा किंवा चांदणीचा एक रबरी शिक्का करून घेतला तर दरवर्षी तोच उमटवता येतो. मुलं चिठ्ठ्या जपून ठेवतात आणि ताडून बघतात, म्हणून शिक्का आणि शाईचा रंग बदलू नका.

खरंच परदेशातून पत्र हवं असेल तर फिनलंडमधल्या रोव्हानिएमीजवळ, आर्क्टिक वृत्तावर, सांताचं टपाल कार्यालय आहे (पिन ९६९३०). तिथून पत्रावर खास शिक्का मारून मिळतो. पैसे युरोत आणि टपालाला वेळ, त्यामुळे ऑक्टोबरात मागणी नोंदवली तरच हिशेब जुळतो. याउलट फुकट आणि हमखास चालणारी सोय म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या नोराड या हवाई संरक्षण यंत्रणेचं सांता-ट्रॅकर संकेतस्थळ. १९५५ मध्ये सुरू झालेली ही प्रथा आता २४ तारखेला नकाशावर दिसते, आणि आपल्याकडे दुपारपासूनच सांता कुठवर आला ते बघता येतं. तो भारताकडे सरकायला लागला की ‘जागं असेल त्याच्या घरी उतरत नाही’ एवढं सांगितलं की दिवा लवकर मालवता येतो.

बाजारातला फेल्टचा मोजा एक चॉकलेट मावेल एवढाच असतो आणि त्याचा अडकवायचा फास चिकटवलेला. त्यापेक्षा बाबांचा लोकरीचा धुतलेला मोजा बरा. चिकटवायचे हुक चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर रात्रीतून गळून पडतात, म्हणून मोजा खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधा. उघडं चॉकलेट मोज्यात ठेवू नका, सकाळी मुंग्यांची रांग आणि कधीकधी उंदराची दातखूण. झाकणाच्या छोट्या डबीत घालून ठेवा. चिमणी नाही तर सांता येतो कुठून, हा प्रश्न येणारच. धाब्याच्या जुन्या घरांना साणं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक, असायचं, आता जिन्यावरचं गच्चीचं दार आहे. रात्री त्याची कडी काढून, सकाळी पोराच्या देखत लावा. चोराची भीती असेल तर पहाटे काढा.

बुटांची पावलं उमटवायला पांढरी रांगोळी सगळ्यांत चांगली. चुना नको, हाताला आणि डोळ्याला जाळतो. मैदा नको, मुंग्या. पंखा बंद करा, गमबूट फरशीवर ठेवा, बारीक चाळणीनं त्याच्याभोवती रांगोळी भुरभुरवा आणि बूट सरळ वर उचला. आत बुटाचा आकार कोरा राहतो. गडद शहाबादी फरशीवर हे फार सुंदर उठतं. पांढऱ्या टाइलवर काहीच दिसत नाही, तिथे फिकट निळी रांगोळी घ्या. चार पावलं पुरेत, गच्चीच्या दाराकडून मोज्याकडे जाणारी. सगळ्या घरभर केली तर सकाळी झाडणाराचा जीव जातो आणि पाळण्यातलं बाळ ती तोंडात घालतं.

सांतासाठी ठेवलेलं दूध पिऊन टाका, पण पेला धुऊ नका. तळाशी थोडं दूध आणि काठावर ओठांची खूण राहू द्या. बिस्किटाऐवजी शेंगदाण्याचा लाडू ठेवला तर अर्धा तोडून चुरा ताटलीत सांडायचा. हरणासाठीचं गाजर सुरीनं कापू नका, सरळ दातांनी कुरतडा. चोख काप दिसला की पोर विचारतं, हरणाकडे सुरी कुठून आली.

२६ तारखेनंतर कागद, लोकर, टोप्या बऱ्याच दुकानांत निम्म्या भावात निघतात. पुढच्या वर्षीचं तेव्हाच घ्या, फक्त कागदाचं नक्षीकाम यंदाच्यापेक्षा वेगळं असू द्या. डगला ठेवताना डांबरगोळ्या टाकू नका, वर्षानंतरही तो कपाटाचा वास जात नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पिशवीत बांधून टाका. दाढी घडी न घालता मोठ्या डब्यात मोकळी ठेवा आणि डबा माळ्यावर नव्हे तर शेजाऱ्यांकडे. माळ्यावरची खोकी दिवाळीच्या साफसफाईत उतरवायला पोरंच मदतीला असतात.